दयाने बसवलेलं स्वयंपाकघर

देवळाली प्रवरा
६ मे २०२४

प्रिय सत्यशीलाताईस,
धाकट्या बहिणीचा सलाम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणजे माझं काहीतरी बरंवाईट झालं असं तू एव्हाना ठरवून टाकलं असशील. तसं काही नाही, मी ठणठणीत आहे. फक्त स्वयंपाकघर जाग्यावर राहिलेलं नाही. ओटा फोडला, फळ्या उतरवल्या, डबे सगळे माझ्या खाटेखाली गेले. गॅस पडवीत मांडलाय आणि मी पाटावर बसून स्वयंपाक करते. उठताना गुडघे असे वाजतात की शेजारच्या आक्काबाई विचारतात, काय मोडलं म्हणून. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या कानांशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं. त्यापेक्षा कागद बरा.

हे सगळं माझ्या सुनेचं, दयाचं काम. आमचं स्वयंपाकघर ह्यांनी घर बांधलं तेव्हाचं, तू पाहिलेलं आहेस. उघड्या फळ्या, त्यावर डबे, डब्यांवर धूळ. अँड्र्यू नेहमी म्हणायचा, आई, तुला एकदा चांगली कपाटं करून देतो. माझा पोरगा त्या नगर-मनमाड रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. मी कपाटांचा विषय कधीच सोडून दिला होता. दयाने सोडला नव्हता हे मला आत्ता कळलं.

नगरच्या एका दुकानातला माणूस मापं घेऊन गेला, आज येतो, उद्या येतो करत त्याने महिना घालवला आणि शेवटी फोनच उचलेना. मी म्हटलं, राहू दे. तर ही म्हणाली, "आई, मीच बसवते." मला आधी वाटलं चेष्टा करतेय. पण ती नागापूरच्या ज्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, तिथं विजेची बटणं आणि वायरी बसवायचे मोठाले लोखंडी डबे तयार होतात. भोकं पाडायची, पत्रे जोडायचे, दारं बसवायची हेच तिचं रोजचं काम. म्हणते, डबा लोखंडाचा असो नाहीतर लाकडाचा, कोपरे नीट जुळले की झालं. गेल्या सुट्टीला नगरहून प्लायवूडच्या पाट्या मापात कापून टेम्पोतून घेऊन आली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, अंगावर अँड्र्यूचा जुना शर्ट, मांडीवर ड्रिल मशीन. गल्लीतल्या बायांनी तोंडात बोटं घातली.

आता खरं ते सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. ईस्टरच्या सुमाराला आमच्या देवळातल्या पाळकीणबाई घरी येऊन गेल्या. संगमनेरचा गिदोन म्हणून एक मास्तर आहे, त्याची बायको वारली, माणूस शांत आहे म्हणतात. त्याने दयासाठी विचारलंय. दया त्यांना म्हणाली, आत्ता नको. मी आतून सगळं ऐकत होते. नंतर मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, म्हणून विचारलं नाही. बत्तीस वर्षांची पोर, कोणी म्हणेल सासू अडवून बसलीय. पण ताई, ती गेली तर ह्या घरात माझ्याशी बोलायला भिंती उरतील.

आणि आता ही स्वतःच्या हाताने कपाटं बसवतेय. जिला घर सोडून जायचंय ती असा खटाटोप कशाला करेल, तूच सांग. मला तर वाटतं तिने राहायचं ठरवलंय. माझा जीव भांड्यात पडलाय.

तुझी
एस्तेर


कोपरगाव
१५ मे २०२४

एस्तेर,
सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले नाही.

आमच्या जॉनच्या बायकोने, आराधनाने, गेल्या वर्षी दुकानदाराकडून सगळं स्वयंपाकघर करून घेतलं. दिसायला देखणं, पण एक दार उघडलं की शेजारचं आपोआप उघडतं, आणि ताटं काढायला हिला स्टुलावर चढावं लागतं. मी तर आत जायचंच सोडलंय, चहा मागवून पिते. पैसे घेऊन करणाऱ्यांनी हे केलं. तुझी सून एकटी काय करणार ते प्रभूच जाणे.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. तू फार लवकर निश्चिंत होतेस, लहानपणापासूनची सवय आहे तुझी. कपाटं बसवली म्हणजे राहायचं ठरवलं, हे कोणी सांगितलं? माणसं घर नीटनेटकं कधी करतात? एकतर राहायला, नाहीतर विकायला किंवा भाड्याने द्यायला. मी आयुष्यभर नर्स होते. सून गोड बोलून सासूला कुठं नेऊन ठेवते ते मी वॉर्डात पाहिलंय. घर कोणाच्या नावावर आहे ते एकदा बघून घे. माझ्यावर रागावू नकोस. तुझ्या पाठीशी आता मोठं असं मीच आहे, मी नाही बोलायचं तर कोणी?

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव आणि पाटावर बसणं बंद कर.

तुझी ताई


देवळाली प्रवरा
९ जून २०२४

ताई,

मी रागावले. तू रागावू नकोस म्हणून लिहिलंस तरी रागावले, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. घर माझ्याच नावावर आहे आणि त्याची कागदं कुठं आहेत हे दयाने आजवर विचारलेलं नाही. तुझ्या वॉर्डातल्या सुना तुझ्या वॉर्डात राहू देत.

आता राग संपला, तर ऐक. तुला ही पोरगी कशी काम करते ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी ओटा. गल्लीतल्या रामहरी गवंड्याला बोलावलं होतं. दयाने त्याला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून दिली, इथं दगड बसवायचा म्हणून. त्याने रेघेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, ह्यो वटा लई बुटका हुतोय. वाकून वाकून कंबर जाईल तुमची." ती म्हणाली, रेघेवरच बसवा. तो मान हलवत कामाला लागला. मला वाटलं, गवंड्यांना आपलंच खरं करायची खोड असते.

मग खालची कपाटं. ती ओट्याखाली सरकवली तर एक बाजू वर, एक बाजू खाली. माझं म्हणणं, पाट्या वाकड्या कापल्या दुकानदाराने. दयाने गवंड्याकडची पातळी बघायची ती पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक मला धरायला दिलं आणि दुसरं टोक घेऊन आपण पलीकडच्या कोपऱ्यात गेली. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत, पण जमीन नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण स्वयंपाकघर बादलीने धुणारी माणसं. पाणी मोरीकडे जावं म्हणून ह्यांनी फरशीलाच उतार दिलेला. इतकी वर्षं त्या उतारावर उभी राहून मी भाकरी थापल्या आणि मला कधी कळलं नाही. दुकानातल्या माणसाने तर बादलीचा विचारच केला नसता. दया म्हणाली, उतार असू द्या, तुम्ही धुतल्याशिवाय राहणार नाही आणि पाणी लागलं की प्लायवूड फुगतं. तिने प्रत्येक कपाटाला खाली स्टीलचे पाय लावले, फिरवून कमीजास्त होणारे. आता कपाटं सरळ, फरशी तिरकी, आणि पाणी खालून निघून जातं. मी मुद्दाम बादली ओतून पाहिली. ही बाजूला उभी राहून हसत होती.

ओट्याचं आणि वरच्या कपाटांचं माप घ्यायला तिने सुरुवातीलाच मला उभं केलं होतं. भाकरी थापा म्हणाली. पीठ नाही, परात नाही, रिकाम्या हाताने थापत होते मी. मग म्हणे, वरचा डबा काढताय असं समजा, हात वर करा, टाचा उचलू नका. मी म्हटलं, अगं, तू माझ्याहून वीतभर उंच, तुझंच माप घे की. तर म्हणाली, टेप मीच धरलाय, माझं माप मी कसं घेऊ? मला पटलं ते.

दिवसभर नागापूरला उभं राहायचं, बसने यायचं, चहा घ्यायचा की नाकाला ओढणी बांधून पुन्हा सुरू. माझी बोटं सांध्यात आखडतात म्हणून तिने कपाटांना लहान मुठी लावल्याच नाहीत. लांब दांड्या लावल्यात, मनगटाने ओढल्या तरी दार उघडतं. सिलेंडरला खाली चाकाची पाटी केलीय, एका हाताने पुढे येतो. आता मला कोणाची वाट बघावी लागत नाही. पोटच्या लेकीने काय केलं असतं ह्याहून जास्त?

रविवारी उपासनेनंतर पाळकीणबाई आल्या होत्या बघायला. दारं उघडून बघितली, बंद करून बघितली. दयाकडे बघून म्हणाल्या, झालं वाटतं बरंचसं. ती म्हणाली, थोडं राहिलंय. मी त्यांना बळेबळे चहा पाजला.

एस्तेर


कोपरगाव
१७ जून २०२४

एस्तेर,

बरं, माझं चुकलं. वॉर्डातल्या सुना परत वॉर्डात पाठवल्या.

ते बादलीचं वाचून मी आराधनाला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या कपाटांचा खालचा काठ फुगून ब्रेडसारखा झालाय, कारण दर शनिवारी आमच्याकडेही फरशी धुतली जाते आणि दुकानदाराला ते कोणी सांगितलंच नाही. तिने विचारलं, दयावहिनी आपल्याकडे येतील का? मी म्हटलं, आधी तिकडचं संपू दे.

पोरगी हातची गुणी आहे, कबूल. वरची कपाटं भिंतीवर टिकली की कळव. तुमच्या त्या मधल्या भिंतीचा मला भरवसा वाटत नाही. ते घर बांधताना तुझ्या नवऱ्याशी मी वाद घातला होता.

तुझी ताई


देवळाली प्रवरा
२१ जुलै २०२४

प्रिय ताई,

तुझी जीभ काळी आहे.

पहिलं वरचं कपाट दयाने सकाळी भिंतीला लावलं. भिंतीत भोक, भोकात प्लास्टिकची गिट्टी, त्यात स्क्रू. हलवून बघितलं, छान घट्ट. ती म्हणाली होती, दोन दिवस रिकामं राहू द्या. ती कंपनीत गेली आणि मला धीर धरवेना. माझ्या लग्नातला कपबशांचा सेट, चिनी मातीची बरणी, जड पितळी डबा, सगळं त्यात मांडलं. लांबून बघत बसले. दुपारी जेवून जरा आडवी झाले तर असा आवाज झाला की आक्काबाई धावत आल्या. कपाट खाली, कपबशांचा चुरा, आणि भिंतीचं प्लॅस्टर गेल्यावर आतून दिसलं ते काय, तर दगड आणि नुसती माती.

ती येईपर्यंत मी ते तसंच ठेवलं. वाटलं, आता ही चिडेल, आणि चिडावंच तिने. ती दारात उभी राहिली, बघितलं, आणि पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला लागलं नाही ना? मग खाली बसून काचा वेचल्या. मला जवळ येऊ दिलं नाही. नंतर बोटाच्या पेराने सगळी भिंत वाजवत गेली, कान लावून, जसा डॉक्टर छाती तपासतो तसा. म्हणाली, ह्या भिंतीवर काही टांगायचं नाही, तिचा दोष नाही, ती भार घ्यायला बांधलेलीच नाही.

मी म्हटलं, संपलं आता. राहू दे खालचीच. पण दयाला राहू दे हा शब्द ठाऊक नाही. चार दिवस कागदावर रेघा ओढल्या. मग वर्कशॉपच्या मुलांकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडून आणली, जमिनीपासून वरपर्यंत उभी, भिंतीला नुसती टेकलेली. कपाटं त्या चौकटीत बसवली. सगळा भार जमिनीवर, भिंतीला त्याचा पत्ताही नाही. मग त्या पट्ट्यांना पांढरा रंग दिला आणि मधल्या जागेत माझ्या चमच्यांना, झाऱ्यांना आकडे केले. रामहरी बघायला आला, त्याने चौकट धरून हलवून बघितली. शेवटी म्हणाला, हे माझ्या ध्यानात आलं नसतं. ताई, मी इतकी माणसं पाहिली, पण पडलेल्या गोष्टीपुढे अशी शांतपणे बसणारी पाहिली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटतो की देवळात शेजारच्या बाईला धरून धरून सांगते.

एकच गंमत झालीय, ती तुलाच सांगते. एवढी हुशार पोरगी, पण शेवटी मापात चुकली. वरची कपाटं जरा जास्तच खाली आलीत. मला अगदी छान पडतात, टाचा न उचलता सगळं हाताशी. पण तिचं कपाळ नेमकं कोपऱ्यावर आपटतं. रोज सकाळी चहा करताना एकदा तरी. आणि ओट्यावर काम करताना तिला वाकावं लागतं, रामहरी म्हणाला तसंच. बिचारी काही बोलत नाही, कपाळ चोळते आणि हसते. मीही दाखवून दिलं नाही. तिच्या मनाला लागेल.

तुझी
एस्तेर


कोपरगाव
२९ जुलै २०२४

प्रिय एस्तेर,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

ती मापात चुकलेली नाही. जी पोरगी पाण्याने जमिनीचा उतार शोधून काढते, ती आपल्या कपाळाची उंची विसरेल का? तुझीच पत्रं मी पुन्हा काढून वाचली. ओटा तुझ्या कोपराला. कपाटं तुझ्या हाताला, तेही टाचा न उचलता. दांड्या तुझ्या आखडलेल्या बोटांसाठी. सिलेंडर एका हाताने पुढे येतो, कोणाची वाट बघायला नको. एस्तेर, हे घरात दोन बायका राहणार म्हणून केलेलं नाही. हे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी केलेलं आहे. जिला तिथं दिवस काढायचेत ती स्वतःचं कपाळ आपटेल असं कपाट बांधत नाही.

मी आधी भलतंच लिहिलं होतं, विकायचं, भाड्याने द्यायचं. तसं नव्हतं. आणि तू म्हणालीस ती राहणार आहे, तसंही नाही. ती जाणार आहे, किंवा जावं असं तिच्या मनात आहे, आणि तुला उपाशी, अडलेली, स्टुलावर चढून पडलेली सोडून जाणं तिला जमत नाही. मी ड्यूटी संपताना पेशंटच्या उशाशी पाणी आणि घंटी ठेवून जायची आणि स्वतःला चांगली नर्स समजायची. तुझ्या सुनेने निघायच्या आधी अख्खी खोली बांधून दिली. तिच्यापुढे मी काहीच नाही.

आता तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. मला माहीत आहे तुला काय वाटत असेल. माझा जॉन माझ्यापाशी आहे, मला बोलणं सोपं आहे. रडू आलं तर रड. पण तिच्यावर चिडू नकोस.

तुझी ताई


देवळाली प्रवरा
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र मी ओट्यापाशी उभी राहून वाचलं आणि तुझ्यावर चिडले, मग तिच्यावर, मग अँड्र्यूवर, की तो गेला म्हणून हे सगळं बघावं लागतंय. दोन दिवस मी दयाशी धड बोलले नाही. तिने विचारलं, गुडघे दुखतात का? मी म्हटलं, हो.

तिसऱ्या दिवशी ती कंपनीत गेल्यावर मी रामहरीला बोलावून घेतलं. तुला सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्याला विचारलं, हा ओटा वर उचलता येईल का, आणि ती चौकट थोडी उंच होईल का, दयाच्या मापाची? मला वाटलं, तिच्या मापाचं करून टाकू, म्हणजे ती राहील. तो म्हणाला, "व्हय, करता येईल की. पर मग तुमचं हात पोचायचे न्हाईत." एवढं बोलून तो उभा राहिला, मी हो म्हणायची वाट बघत. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

त्या संध्याकाळी दया आली, चहा ठेवायला गेली आणि कपाळ आपटलं. मला आवाज ऐकवला नाही. मी आत गेले आणि विचारलं, "दया, ह्या सगळ्यात तुझं माप कुठं आहे?"

तिने गॅस बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, माझं माप घेतलं असतं तर मला इथून निघताच आलं नसतं. आणि तुमचं न घेता निघाले असते तर तिथं राहवलं नसतं."

मग सगळं सांगितलं तिने. गिदोन मास्तरांना ती पाळकीणबाईंच्या घरी दोनदा भेटली आहे. माणूस तिला आवडलाय. हे सांगताना तिचा चेहरा असा झाला, जसा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. पण तिने त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तिने त्यांना सांगितलं होतं, आईंचं स्वयंपाकघर होऊ द्या, मग मी त्यांच्याशी बोलते. आणि स्वयंपाकघर झालं तरी तिचं धाडस होईना, म्हणून रोज काहीतरी राहिलंय म्हणत होती. कधी एखादी बिजागरी, कधी एखादा आकडा. मला म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मी रागावणार नाही, रामहरीभाऊंना सांगून ओटा उंच करून घेते आणि इथंच राहते. आणि ती तसं करेल, ताई. खोटं बोलणारी नाही ती.

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. मला नको म्हणायचं होतं. तुला खरं सांगते, तोंडात तोच शब्द आला होता. तिच्या कपाळावर लाल वण होता, त्याच्यावर आणखी एक जुना, निळा पडलेला. इतके दिवस ती हे कपाळ माझ्या हातासाठी आपटून घेत होती आणि मी हसत होते.

मी म्हटलं, "ओटा आहे तिथंच राहू दे."

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, त्यासाठीही तिला वाकावं लागतं. आम्ही दोघी इतक्या रडलो की अँड्र्यूच्या वेळीही अशा एकत्र रडलो नव्हतो. तेव्हा दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडायचो. मग ती म्हणाली, दर रविवारी येईन. मी म्हटलं, दर रविवारी नको, तुझ्या गावीही देऊळ आहे, महिन्यातून एकदा ये.

मी धीराची आहे असं समजू नकोस. ती कंपनीत गेली की मी एकेक दार उघडून बंद करत बसते.

तुझी
एस्तेर


कोपरगाव
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय एस्तेर,

तुझं पत्र वाचून मी आराधनाला जवळ बसवलं आणि तिच्या हातचं काय काय चांगलं आहे ते तिला सांगितलं. ती घाबरली, म्हणाली, आई, तुमची तब्येत बरी आहे ना?

तू माझी धाकटी बहीण आहेस म्हणून आजवर मी तुला शिकवत आले. ह्यापुढे जरा जपून शिकवेन.

एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवते. तारीख ठरली की देवळात दयाला पुढे कोण घेऊन जाणार? पाळक विचारतात, ह्या मुलीला लग्नासाठी कोण देत आहे, तेव्हा कोणीतरी घरचं पुरुषमाणूस उभं लागतं. तिचे आईवडील नाहीत, आणि तो श्रीरामपूरचा भाऊ अँड्र्यूच्या मातीनंतर फिरकला नाही असं तूच सांगितलंस. लोक आधीच बघायला येतील, सासूच्या घरातून सून लग्नाला उभी राहते कशी. तू म्हणशील तर जॉनला पाठवते. कोट आहे त्याच्याकडे.

तुझी ताई


देवळाली प्रवरा
८ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,
सलाम.

गिदोन मास्तर घरी येऊन गेले. माणूस खरंच शांत आहे. जेवायला बसण्याआधी त्यांनी कपाटांची सगळी दारं बघितली, चौकटीवर हात फिरवला आणि दयाला म्हणाले, आपल्याकडे काही बसवायचं असेल तर मी फक्त नळी धरेन. मला ते आवडलं. लग्न नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर, इथं देवळालीच्या देवळातच.

जॉनचा कोट चांगला आहे, त्याने तो घालून यावं आणि पाहुण्यांना पाणी द्यावं. भावाला निमंत्रण जाईल, तो आला तर जेवेल. दयाला पुढे मी घेऊन जाणार आहे. काल पाळकांकडे गेले आणि विचारलं, ह्या कामाला पुरुषमाणूसच लागतं असं कुठं लिहिलंय का. ते बराच वेळ पुस्तक चाळत बसले. मग म्हणाले, नाही, तसं कुठं लिहिलेलं नाही, पण सासूने दिलेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही. मी म्हटलं, मग बघा.

ते विचारतील, ह्या मुलीला लग्नासाठी कोण देत आहे. मी म्हणायचं आहे, "मी, तिची आई." एवढेच तीन शब्द. रोज कामं आटोपली की दार लावून म्हणून बघते. अजून एकदाही शेवटपर्यंत म्हणता आलेलं नाही, ताई, पण त्या दिवशी म्हणेन.

तुझी
एस्तेर